कागदी नळीचा अग्निबाण

जालना जिल्ह्यातील असई गावापाशी, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी ज्याने झुंज घेतली, तो आर्थर वेलस्ली त्यापूर्वी चार वर्षे श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत, सुलतानपेठेच्या राईत, टिपूच्या बाणांनी आणि बंदुकांनी रात्रीच्या काळोखात हैराण होऊन मागे फिरला होता. त्या बाणांचे सामर्थ्य लोखंडी नळीत होते. ती अधिक दाब सोशी, म्हणून बाण दूर जाई. वूलिचच्या दारूखान्यात विल्यम काँग्रीव्हने पुढे त्याच नमुन्यावरून इंग्रजी बाण सिद्ध केले. आज हौशी मंडळे मोकळ्या मैदानात जे लहानसे रॉकेट उडवतात, त्याची सारी घडण मात्र नेमकी या लोखंडाच्या बहिष्कारावर उभी आहे: धड पुठ्ठ्याचे, पंख पातळ लाकडाचे, नाक बाल्साचे किंवा प्लॅस्टिकचे, धातूला तिन्ही ठिकाणी सक्त मनाई.

या मनाईचे मूळ अमेरिकेतील नेब्रास्का प्रांतात, ऑर्व्हिल कार्लाइल या जोड्यांच्या दुकानदारापाशी सापडते. शोभेच्या दारूचा नाद असलेल्या या गृहस्थाने १९५४ साली, विमानांच्या प्रतिकृतींचा छंद असलेल्या आपल्या भावाकरिता, दारूचे नळकांडे बदलून पुन्हा उडवता येईल असे कागदी रॉकेट तयार केले. १९५७ च्या ऑक्टोबरात रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकेतील पोरे घरोघर लोखंडी नळ्यांत मिळेल ते रसायन ठासून बोटे व डोळे गमावू लागली. तेव्हा व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्रतळावर नोकरी केलेल्या हॅरी स्टाइन यांनी कार्लाइलची युक्ती हाती धरली आणि त्याच वर्षी हौशी रॉकेटवाल्यांची राष्ट्रीय संघटना उभी केली. डेन्व्हरच्या व्हर्न एस्टिस यांनी दर साडेपाच सेकंदांना एक नळकांडे भरणारे यंत्र बनवले व त्याला ‘मेबल’ असे नाव दिले. मुलाने दारू कालवायची नाही, ठासायची नाही, ती कारखान्यातूनच भरून यावी, हा या छंदाचा मूळ दंडक. आणि माझ्या मते या रॉकेटाचे खरे नवल त्याने गाठलेल्या उंचीपेक्षा या दंडकातच आहे.

तिकडच्या मंडळांच्या उड्डाणाच्या दिवशी गावकऱ्यांना खुले आमंत्रण असते, परंतु तमाशाची मुभा नसते. प्रत्येक रॉकेटासोबत त्याची पत्रिका भरली जाते. सुरक्षाधिकारी म्हणून नेमलेला स्वयंसेवक पंख हलवून पाहतो, हवाई छत्रीची घडी तपासतो, नळकांड्यावरची अक्षरे वाचतो. सी६-५ असे असेल तर सी म्हणजे एकूण आवेग ५ ते १० न्यूटन-सेकंद, ६ म्हणजे सरासरी जोर, आणि ५ म्हणजे दारू संपल्यावर छत्री उघडण्याआधीचे सेकंद. अक्षर एक पायरी पुढे सरकले की आवेगाची मर्यादा दुप्पट होते. वात पेटवायला काडी नाही, वीज; तीही सुरक्षेच्या किल्लीवाचून वाहत नाही. लहान नळकांड्यापासून १५ फूट, मोठ्यापासून ३० फूट अंतर राखायचे. ताशी २० मैलांहून अधिक वारा असेल तर उड्डाण तहकूब. रॉकेट पेटलेच नाही तर किल्ली काढून घेऊन पूर्ण ६० सेकंद कोणी पुढे व्हायचे नाही, आणि या एका मिनिटात उतावीळ पोराला जागेवर थोपवून धरणारा जो कोणी असतो, तोच त्या मंडळाचा खरा आधारस्तंभ. त्याचे रॉकेट पुष्कळदा त्या दिवशी पेटीतच राहते. विजेच्या तारांवर अडकलेले रॉकेट सोडून द्यायचे, हा नियम मुलांना सर्वांत जड जातो.

आपल्याकडे हा छंद फोफावला नाही याला कारण आकाश नव्हे, कायदा. काळी दारू १८८४ च्या स्फोटक अधिनियमाच्या आणि २००८ च्या नियमांच्या अमलाखाली येते, आणि स्फोटकांच्या खात्याची मुख्य कचेरी आपल्या नागपुरातच आहे. जालन्याच्या शाळेतील विज्ञानशिक्षकाला परवान्याचा तो सोपस्कार झेपणारा नव्हे, आणि झेपू नये हेच बरे असे मला वाटते. अलीकडे सरकारच्या इन-स्पेस संस्थेने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी रॉकेटांची स्पर्धा भरवली. ऑक्टोबर २०२५ मधील तिची उड्डाणे उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात झाली. तेथे बंदोबस्त मोठा आणि जाणकारही हाताशी.

शाळेला उरते ती थंड पेयाची दोन लिटरची बाटली. तिच्यात एक तृतीयांश पाणी भरायचे, बुचातून सायकलच्या पंपाने हवा कोंडायची आणि दुरून दोरी ओढून बूच सोडायचे. पाणी खाली फेकले जाते, बाटली वर जाते, न्यूटनचा तिसरा नियम कपडे भिजवून शिकवला जातो. ठिणगी नसली तरी कोंडलेली हवा बाटली फोडू शकते, म्हणून चष्मा, अंतर आणि उलटी मोजणी येथेही सुटत नाही. अडचण निराळीच. पऱ्हाट्या निघून रान मोकळे होते ते उन्हाळ्यात, आणि तेव्हा घनसावंगी-अंबडकडच्या कित्येक गावांत टँकरची वाट पाहावी लागते. तेथे प्रत्येक उड्डाणाला अर्धा-पाऊण लिटर पाणी उडवून देणे कोणत्याही मास्तरांना पालकांसमोर समर्थनीय ठरवता येणार नाही. पावसाळ्यात काळी माती पायाला धरून ठेवते. तेव्हा दिवाळीनंतरचा सकाळचा वेळ धरावा, उभ्या ज्वारीपासून लांब असे गायरान पाहावे, आणि ग्रामपंचायतीची लेखी परवानगी आठवडाभर आधी घ्यावी.