हायस्कुलात मोटरदुरुस्तीचे शिक्षण

मिरजेहून सोलापुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर कवठे महांकाळ हे तालुक्याचे गाव लागते. हा सारा मुलूख पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळी म्हणून ओळखला गेला. पुढे म्हैसाळ उपसा सिंचन योजनेने कृष्णेचे पाणी चढून इकडे आले आणि माळरानांवर द्राक्षबागा उभ्या राहिल्या. बागांबरोबर ट्रॅक्टर आला, फवारणीचा ब्लोअर आला, आणि दारोदार मोटरसायकल आली. पूर्वी शेतकऱ्याचा नांगर व गाडी नीट ठेवण्याचे काम गावचे सुतार आणि लोहार करीत. आज त्यांची जागा मोटरमिस्त्रीने घेतली आहे. हा मिस्त्री कोठे व कसा तयार व्हावा, आणि त्यात हायस्कुलाचा वाटा काय असावा, याचा विचार आम्ही येथे मांडणार आहोत.

प्रथम एक उदाहरण घेऊ. छाटणीनंतर बाग फुटलेली असताना पाऊस पडला, की डावणीचा रोग वाऱ्यासारखा पसरतो. औषध त्याच दिवशी फवारले पाहिजे. अशा वेळी ट्रॅक्टरातील डिझेल संपले. डिझेल आणून टाकीत ओतले, तरी इंजिन काही केल्या चालू होईना. मिस्त्रीस निरोप धाडला, तर तो दुसऱ्या गावी गेलेला. वस्तुतः यंत्र मोडलेले नाही. केवळ डिझेलच्या नळीत हवा शिरली आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेस इतके दाबतो की तिचे उष्णतामान सुमारे ५०० अंशांच्या पुढे जाते, आणि त्या तप्त हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा आला म्हणजे तो आपोआप पेटतो. हा फवारा उडण्यास वातावरणाच्या शेकडो पट दाब लागतो. डिझेल हा द्रव असल्याने पंपाचा दाब थेट नोझलपर्यंत पोहोचवितो. पण मध्ये हवा असली तर पंप त्या हवेलाच दाबीत बसतो आणि नोझल उघडतच नाही. फिल्टरवरचा स्क्रू सैल करावा, हातपंप मारीत राहावे, बुडबुडे थांबून निखळ डिझेल वाहू लागले की स्क्रू आवळावा; एवढाच उपाय. वेळ फार तर पंधरा मिनिटे.

द्रव दाबला जात नाही आणि वायू दाबला जातो, हे विज्ञानाच्या पुस्तकात शिकलेला विद्यार्थी त्याच शेतकऱ्याच्या घरी असतो. परंतु पुस्तकातील वाक्याचा बांधावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टराशी संबंध आहे, हे त्यास कोणी दाखविलेले नसते. उलटपक्षी, गॅरेजात हेल्पर म्हणून राहिलेला मुलगा तो स्क्रू डोळे मिटून सोडील. मात्र का सोडतो हे त्यास सांगता येत नाही, म्हणून निराळ्या बनावटीचे यंत्र समोर आले की तो अडतो. एकास कारण ठाऊक पण हात नाही, दुसऱ्यास हात आहे पण कारण नाही. या दोहोंची गाठ घालून देणे हेच, आमच्या मते, हायस्कुलातील मोटरदुरुस्तीच्या वर्गाचे खरे काम होय. पुरा मिस्त्री बनविणे हे त्याचे काम नव्हे. त्यासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. कारागीर प्रशिक्षणाची ती योजना १९५० साली सुरू झाली, आणि दहावीनंतर मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम तेथे शिकविला जातो.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकातच औद्योगिक शाळा चालविली. १९३७ साली वर्धा येथे गांधीजींनी हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षणाची कल्पना देशापुढे ठेवली. आमच्या विषयाशी अगदी जवळचे काम मात्र पुणे जिल्ह्यातील पाबळ या गावी झाले. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तेथे विज्ञान आश्रम काढला, आणि आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी आठवड्यातील एक दिवस प्रत्यक्ष कामाचा, अशी योजना आखली. मुलांनी गावास लागणारी कामे करावी, त्याचे दाम गावाने द्यावे, आणि त्या कामातूनच विज्ञान शिकावे, असा तो क्रम. जुन्या जीपचे भाग वापरून लहान ट्रॅक्टर बनविण्याचा प्रयोगही त्या आश्रमात झाला.

आणि आमच्याच सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीचे उदाहरण कोणास ठाऊक नाही? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली ती वसाहत उभारली. परंतु तिचा उगम बेळगावातील सायकलच्या एका लहानशा दुकानात आहे. दुरुस्तीचे दुकान हे हलके स्थान नव्हे, एवढे या इतिहासावरून दिसावे.

तरीही पालकांच्या मनात हा विषय म्हणजे “अभ्यास न जमणाऱ्यांची सोय” असाच आहे, आणि शाळाही पुष्कळदा तसेच वागतात. गणितात मागे पडलेल्या मुलास या वर्गात ढकलावे, हुशार मुलास जवळ फिरकू देऊ नये! मुलींचा तर प्रश्नच उद्भवत नाही, असे धरून चालतात. वास्तविक शाळा-महाविद्यालयास स्कूटरवरून जाणाऱ्या मुलींची संख्या आज थोडी नाही. आम्हांस ही वाटणी सर्वथा अमान्य आहे. बाजारात शंभर सी.सी. म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका मोटरसायकलचा सिलिंडर ५० मि.मी. व्यासाचा आणि पिस्टनची धाव ४९·५ मि.मी. आहे. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र लावून पाहा: उत्तर ९७·२ घन सेंटिमीटर येते. असे उदाहरण व्हर्नियरने स्वतः मापे घेऊन सोडविणारा विद्यार्थी सूत्र सहसा विसरत नाही, मग तो वर्गात पहिला असो की शेवटचा.

या शिक्षणातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे दोष शोधण्याची शिस्त. पेट्रोलची गाडी चालू होत नसेल तर तीनच प्रश्न विचारावे: ठिणगी पडते काय? पेट्रोल पोहोचते काय? सिलिंडरात दाब आहे काय? एका वेळी एकच गोष्ट तपासावी व ती वहीत लिहावी. प्लग काढून पाहिला तर तो पुष्कळ सांगतो: टोक फिकट तपकिरी असेल तर जळण ठीक, काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरेफटक असेल तर इंजिन अति तापत आहे. अधीर शिकाऊ एकदम चार भाग बदलतो. गाडी चालू होते, पण दोष कशात होता ते कायमचे अज्ञात राहते आणि गिऱ्हाइकाचे पैसे मात्र जातात.

काही शाळांत इंजिनाचा कापलेला नमुना लाल-पिवळ्या रंगात रंगवून काचेच्या कपाटात ठेवलेला दिसतो. पाहुणे आले म्हणजे कपाट उघडते. त्यापेक्षा भंगारातले एक जुने इंजिन बरे, जे मुलांनी दहा वेळा उघडावे व अकराव्यांदा चालू करून दाखवावे.

धोक्यांविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. खाली भक्कम घोडी लावावी. बंद खोलीत इंजिन चालवू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. बॅटरीतील आम्ल डोळ्यांत उडाले तर दृष्टी जाऊ शकते. शिवाय दुरुस्ती शिकणे म्हणजे गाडी चालविण्याचा परवाना नव्हे. गिअरच्या मोटरसायकलसाठी कायद्याने १८ वर्षे पुरी व्हावी लागतात. चौदा वर्षांखालील मुलास गॅरेजात कामास ठेवणे तर गुन्हाच आहे, म्हणूनही या वयाच्या मुलांस हे ज्ञान शाळेत मिळणे योग्य.

एक अडचण मात्र खरी आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बी.एस. ६ ही धुराची मर्यादा लागू झाली आणि नव्या मोटरसायकलींतून कार्बुरेटर जाऊन संगणकाच्या आज्ञेने पेट्रोल सोडणारा इंजेक्टर आला. विजेवरच्या स्कूटरीत तर इंजिनच नाही. केवळ कार्बुरेटर साफ करावयास शिकविणाऱ्या वर्गाची विद्या लवकरच जुनी होईल. म्हणून शिक्षकांस दर एक-दोन वर्षांनी नव्या गाड्यांच्या कार्यशाळेत काही दिवस पाठविण्याची तरतूद शाळेने आधी करावी, आणि मग हत्यारांची यादी करावी. ती यादी तशी लांब नाही: पाने, प्लगपाना, फीलर गेज, व्हर्नियर, मल्टिमीटर, टॉर्क रेंच, दोन घोड्या, वाळूची बादली, आणि वर सांगितलेले ते भंगारातले इंजिन.