बालाघाटातील एक दिवस आणि स्काऊट पथकाची आखणी

स्काऊट आणि गाईड चळवळीचे शिक्षण मुख्यतः उघड्यावर, मातीत आणि झाडाखाली व्हावे, हा आग्रह तिच्या जन्मापासूनचा आहे. रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर पहिले प्रायोगिक शिबिर घेतले, तेव्हा सधन आणि कष्टकरी अशा दोन्ही प्रकारच्या घरांतील सुमारे वीस मुले त्यात एकत्र आली होती. त्यांचे चार लहान गट पाडून प्रत्येक गटाचा कारभार त्यातल्याच एका मुलाकडे सोपवण्यात आला. भारतात ही चळवळ १९०९ मध्ये आली. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी वेगवेगळ्या संघटनांचे विलीनीकरण होऊन ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ ही एकच संस्था उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी मुलींची गाईड संघटनाही तिच्यात सामील झाली. साधारण दहा ते सतरा वर्षे वयाच्या मुलांमुलींच्या या पथकांसाठी शाळेतील तासिका उपयोगी असली, तरी चळवळीचा खरा कस पूर्ण दिवसाच्या बाह्य उपक्रमात लागतो, कारण सकाळपासून संध्याकाळपर्यंतच्या त्या काळात पाणी, अन्न, वाट, वेळ आणि सोबती या सर्वांची जबाबदारी प्रत्यक्ष पेलावी लागते.

बीड जिल्ह्यासाठी असा दिवस आखताना एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी लागते. येथे निवासी शिबिराचा खर्च आणि पालकांची संमती मिळवणे अनेक शाळांना कठीण जाते. सकाळी निघून सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचवणारा उपक्रम मात्र लहान गावातील शाळेलाही झेपतो. या उपक्रमाची आखणी शिक्षकांनी करून ती मुलांच्या हाती द्यावी, ही सर्वत्र रूढ झालेली पद्धत सोयीची असली, तरी तीत शिक्षणाचा मोठा भाग वाया जातो. मुलांना आखणी करू देणे आणि प्रौढांनी केवळ सुरक्षिततेच्या मर्यादा ठामपणे आखून देणे, हीच स्काऊट पद्धती आहे आणि बीडच्या भूमीत तिची गरज अधिक आहे.

या पद्धतीचा पाया म्हणजे संघ. पथकातील सहा ते आठ मुलांच्या गटाला संघ म्हणतात आणि त्याचे नेतृत्व करणाऱ्या मुलाला वा मुलीला संघनायक म्हणतात. संघातील सर्व मुले एकत्र बसून जी चर्चा करतात ती संघसभा, तर सर्व संघनायक स्काऊट मास्टर किंवा गाईड कॅप्टन यांच्यासह बसून निर्णय घेतात ती मानसभा होय. उपक्रमाच्या सुमारे महिनाभर आधी प्रत्येक संघाने आपापल्या संघसभेत ठिकाण आणि कार्यक्रम सुचवावा, मानसभेने त्यांतून निवड करावी आणि मग पाणी, स्वयंपाक, प्रथमोपचार, नकाशा आणि नोंदी ही कामे संघांत वाटून द्यावीत, असा क्रम ठेवला तर दिवस उजाडण्यापूर्वीच अर्धे शिक्षण झालेले असते. खर्चासाठी स्काऊटांची ‘खरी कमाई’, म्हणजे लोकांच्या उपयोगी पडणारे एखादे काम करून मिळवलेला पैसा, वापरला, तर कोणत्याही मुलाच्या घरावर वर्गणीचा भार पडत नाही.

तारीख ठरवताना बीडची दोन पंचांगे एकत्र पाहावी लागतात, एक पावसाचे आणि दुसरे ऊसतोडीचे. जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जातात आणि गळीत हंगाम संपेपर्यंत परतत नाहीत, त्यामुळे काही मुले आईवडिलांबरोबर जातात, तर काही आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. पथकातील प्रत्येक मुलाला सहभागी होता यावे, अशी इच्छा असेल, तर वर्षातला पहिला उपक्रम दिवाळीपूर्वी घेणे न्यायाचे ठरते. परंतु सप्टेंबर-ऑक्टोबर हा परतीच्या पावसाचा आणि दुपारनंतर कडाडणाऱ्या विजांचा काळ असल्याने त्या वेळी उघड्या पठारावरचा सर्व कार्यक्रम सकाळी उरकून दुपारी पक्क्या छपराखाली पोहोचणे बंधनकारक समजावे. दुसरा उपक्रम डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे हवा कोरडी आणि थंड असताना, वसतिगृहातील मुलांना आवर्जून सोबत घेऊन करावा. मार्चनंतर मात्र बालाघाटाच्या माळावर ऊन आणि पाणीटंचाई दोन्ही वाढत जातात, म्हणून त्या काळात पूर्ण दिवसाचा उपक्रम टाळणेच शहाणपणाचे.

ठिकाणांच्या बाबतीत जिल्हा समृद्ध आहे. बालाघाटाच्या रांगा जिल्ह्यातून जातात, उत्तरेस गोदावरीकाठची सपाट गंगथडी आहे आणि पाटोदा तालुक्यात मांजरा नदी उगम पावते, त्यामुळे डोंगर, नदी आणि शेती या तिन्हींचा अभ्यास एका जिल्ह्यात होऊ शकतो. पाटोदा तालुक्यातील सौताडा येथे विंचरणा नदीचे पाणी खोल दरीत कोसळते आणि दरीच्या तळाशी रामेश्वराचे मंदिर आहे. पावसाळ्याच्या अखेरीस खडकांचे थर आणि पाण्याने केलेली झीज पाहण्यास ही जागा उत्तम. त्याच तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्य १९९४ मध्ये घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटर आहे. तेथे पक्षिनिरीक्षण करता येते, मात्र वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार प्रवेशासाठी वनविभागाची परवानगी लागते, चूल पेटवता येत नाही आणि पडलेले पीसही उचलून आणता येत नाही. धारूरचा किल्ला, अंबाजोगाईची हत्तीखाना लेणी आणि मन्मथ स्वामींच्या समाधीचे कपिलधार ही ठिकाणे इतिहासाशी सांगड घालून देतात. बीड शहरालगतची खजाना विहीर तर पथकासाठी आदर्श पाठशाळा आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, निजामशाहीच्या काळात बांधलेल्या या विहिरीचे पाणी जमिनीखालच्या नहरींतून शेतांना पोहोचवले जात असे. टंचाईग्रस्त प्रदेशात पाण्याची अशी योजना कोणी आणि का केली असावी, हा प्रश्न मुलांना सहज पडतो आणि त्याचे उत्तर शोधण्यात अर्धा दिवस सार्थकी लागतो.

ठिकाण ठरल्यावर दोन प्रौढांनी आणि किमान दोन संघनायकांनी आधी एकदा तेथे जाऊन वाट पाहून यावी. पिण्याचे पाणी, सावली, शौचाची सोय, मोबाईलचे नेटवर्क, वाहन पोहोचेल अशी शेवटची जागा आणि जवळचे ग्रामीण रुग्णालय या सहा गोष्टींची नोंद त्या भेटीत व्हायलाच हवी. मुलींच्या पथकाबरोबर महिला शिक्षिका असणे, शौचाची जागा आधी ठरलेली असणे आणि पालकांच्या लेखी संमतिपत्रात मुलाचे आजार व औषधे नमूद असणे याबाबत तडजोड नसावी. चालण्याच्या वेळेचा अंदाज बांधण्यासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला नियम आजही वापरतात. सपाटीवर ताशी सुमारे पाच किलोमीटर धरून दर ६०० मीटर चढासाठी एक तास वाढवावा, असे तो सांगतो. हा हिशेब सराव असलेल्या प्रौढांचा असल्याने मुलांसाठी ताशी तीन किलोमीटर धरावेत आणि सर्वांत हळू चालणाऱ्या मुलाला मागे न ठेवता पुढच्या भागात चालवावे.

दिवसाची रचना उन्हाच्या चालीप्रमाणे असावी. सकाळी सातच्या सुमारास हजेरी, प्रार्थना व ध्वजवंदन, साडेसात ते साडेदहा या वेळात चालणे आणि निरीक्षण, त्यानंतर दीड तास कौशल्यांचा सराव, दुपारी स्वयंपाक, जेवण व सावलीतली विश्रांती, मग बैठे खेळ व सेवाकार्य आणि पाच वाजेपर्यंत परतीचा प्रवास पूर्ण, अशी आखणी हिवाळ्यात बसते. दोन कार्यक्रमांच्या मध्ये मोकळा वेळ राखून ठेवला नाही, तर पहिल्याच उशिराने सारा दिवस कोलमडतो आणि मुले नुसती हाकली जातात.

सकाळच्या चालीसाठी मागोव्याचा खेळ सर्वोत्तम आहे. एक संघ अर्धा तास आधी निघून दगड, काटक्या आणि गवताच्या गाठींनी खुणा करत जातो आणि बाकीचे संघ त्या वाचत मागून येतात. बाण म्हणजे ‘या दिशेने जा’, फुली म्हणजे ‘ही वाट नव्हे’ आणि वर्तुळातील ठिपका म्हणजे ‘मी घरी गेलो’. ही शेवटची खूण केनियातील न्येरी येथे बेडन-पॉवेल यांच्या समाधीवरही कोरलेली आहे. कौशल्यांच्या तासात अंदाज घेण्याची विद्या शिकवावी. दीड मीटरच्या काठीची सावली एक मीटर पडत असताना कडुलिंबाची सावली सहा मीटर भरली, तर झाड नऊ मीटर उंच आहे, हे मुलांनी स्वतः मोजून ताडावे. तीच काठी जमिनीत रोवून सावलीच्या टोकावर दगड ठेवला आणि वीस मिनिटांनी पुन्हा ठेवला, तर पहिला दगड पश्चिमेकडचा आणि दुसरा पूर्वेकडचा ठरतो. बीड सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंतचा काळ सोडला, तर येथे माध्यान्हीची सावली उत्तरेकडे पडते, हे भूगोलाच्या पुस्तकातील तत्त्व अशा वेळी डोळ्यांसमोर सिद्ध होते.

स्वयंपाक हा स्काऊट अभ्यासाचा भाग आहे आणि भांड्यांवाचून तो करण्याची कला मराठवाड्याला परकी नाही. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याचे भरीत आणि हिवाळ्यात ज्वारीच्या कोवळ्या कणसांचा हुरडा हे पदार्थ मुलांना घरच्या मोठ्यांकडून शिकून येता येतात. आगटी शेतकऱ्याच्या परवानगीने, वाळलेल्या गवतापासून दूर आणि वारा पाहून पेटवावी, शेजारी पाण्याची बादली ठेवावी आणि निघण्यापूर्वी राख हाताला थंड लागेपर्यंत विझवावी. सायंकाळी त्या शेताचा बांध स्वच्छ करून देणे, ही परतफेड पथकाने विसरू नये.

सुरक्षिततेच्या मर्यादा मात्र प्रौढांनी ठरवायच्या आणि त्यांवर मानसभेतही मतदान होऊ द्यायचे नाही. दर मुलामागे किमान तीन लिटर पाण्याची तरतूद असावी, म्हणजे ३२ जणांच्या पथकाला जवळजवळ शंभर लिटर पाणी लागते आणि ते कोठून येणार, हे आधी ठरलेले असावे. ऊन बाधलेल्या मुलाला सावलीत आडवे करून अंग ओले करावे आणि तो शुद्धीवर असेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून केलेली जलसंजीवनी घोट-घोट पाजावी. मुलगा भ्रमिष्टासारखा बोलू लागला किंवा त्याची शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजून तोंडाने काहीही न देता तत्काळ रुग्णालय गाठावे. गडगडाट ऐकू येताच माळ आणि एकटे झाड सोडून पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाईल अ‍ॅप विजेची पूर्वसूचना देते, ते दोन प्रौढांच्या फोनवर असावे. कडे आणि बुरूज यांवर आग्या मोहोळ असण्याची शक्यता असल्याने तेथे धूर, अत्तर आणि आरडाओरडा वर्ज्य असावा. धबधब्याच्या डोहात किंवा विहिरीत कोणीही उतरायचे नाही, पोहता येत असले तरीही नाही. सर्पदंश झाल्यास जखम कापणे, रक्त चोखणे किंवा करकचून दोरी बांधणे यांपैकी काहीही न करता मुलाला धीर द्यावा, दंश झालेला अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. शिट्टीचे संकेत सर्वांना पाठ असावेत. लागोपाठ छोट्या शिट्ट्या म्हणजे ‘एकत्र या’ आणि आळीपाळीने आखूड-लांब शिट्ट्या म्हणजे धोका.

उपक्रमानंतरच्या आठवड्यात मानसभेने पुन्हा बसून काय जमले, काय फसले, पाणी किती उरले, कोण मागे पडले आणि का, याची नोंद पथकाच्या वहीत करावी. मुले दरवर्षी बदलतात, काही ऊसतोडीच्या हंगामात मध्येच निघून जातात, परंतु ही वही शाळेत राहते आणि पुढच्या संघनायकाला मागच्याच्या अनुभवावर उभे राहता येते. पाण्याचा हिशेब, वेळेचे भान आणि मागे राहिलेल्या सोबत्याची काळजी या तीन गोष्टी बीडमध्ये वाढणाऱ्या मुलाला आयुष्यभर लागणार आहेत, आणि त्या व्याख्यानातून न देता मुलांच्या हाती एक दिवस सोपवून देता येतात. म्हणून जिल्ह्यातील प्रत्येक शाळेने वर्षाकाठी असे दोन दिवस वेळापत्रकात राखून ठेवावेत आणि त्यांची आखणी विश्वासाने संघनायकांकडे द्यावी.