पांथस्थांचे पाथेय

वाटेवर खाण्याच्या अन्नास संस्कृतात ‘पाथेय’ असा एक सुंदर शब्द आहे. आपण त्यालाच शिदोरी म्हणतो. आपल्या घरांतून पूर्वी कोणी प्रवासास निघाले, की दशम्या, चटणी आणि दह्याची कवडी यांचे गाठोडे बांधल्यावाचून ते उंबरठा ओलांडीत नसे. परगावचे पाणी पिण्यापूर्वीही विचार करण्याचा तो काळ होता. तो गेला, आणि त्याविषयी हळहळण्याचे कारणही नाही. परंतु शिदोरीच्या जागी काय आले, हे मात्र पाहण्याजोगे आहे. पुण्याहून सोलापुराकडे धावणाऱ्या मोटारी आमच्या टेंभुर्णीस घटकाभर थांबतात. मंडळी उतरतात, आणि जे पदार्थ दिल्लीस मिळतात व चेन्नईसही मिळतात, तेच येथे मागवून खातात. अशांचे डोळे तेवढे प्रवासास निघालेले असतात. रसना घरीच राहिलेली असते.

हा प्रदेश अवर्षणाचा. येथील काळी जमीन पावसाची ओल पोटात धरून ठेवते आणि त्या ओलीवर हिवाळ्यात ज्वारी पिकते. त्यामुळे येथील अन्न तुटीतून जन्मलेले आहे. ते थोडक्यात होते, पुष्कळ दिवस टिकते, आणि वाहून न्यावयास हलके असते. म्हणजे पाथेयाची सारी लक्षणे त्यात आपोआपच आली. जो पांथस्थ या वाटेने जाईल त्याने हेच अन्न मागून खावे, एवढेच सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम मान ज्वारीचा. मंगळवेढ्यास ज्वारीचे कोठार म्हणतात. दुर्गादेवीच्या दुष्काळात दामाजीपंतांनी बहामनी सुलतानाची धान्याची कोठारे भुकेल्यांना लुटविली, अशी जी कथा आपण कीर्तनांतून ऐकतो, ती याच गावची. येथील मालदांडी ज्वारीचा दाणा मोत्यासारखा टपोरा असून तिची भाकरी चवीस गोडसर लागते. मोहोळच्या संशोधन केंद्रात याच मालदांडीतून निवडून काढलेला ३५-१ हा वाण पुढे रब्बी ज्वारीच्या साऱ्या मुलखात पसरला. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी सोलापूरच्या डाळिंबासही ते लाभले.

या ज्वारीची, अथवा बाजरीची, पातळ भाकरी थापून, भाजून, पुरती वाळविली म्हणजे कडक भाकरी होते. ती पापडासारखी मोडते आणि कोरडी ठेवल्यास कित्येक दिवस बिघडत नाही. दात गेलेल्या वडील मंडळींनी भिऊ नये. ताकात किंवा आमटीत कुस्करली की ती मऊ होते. तिची जन्माची सोबतीण म्हणजे शेंगाचटणी. भाजलेले दाणे, लसूण, तिखट, जिरे व मीठ उखळात घालून इतके कुटावे की दाण्याचे तेल सुटून चटणीचा गोळा वळावा. तेल अंगचेच असावे, वरून घातलेले नसावे. हीच तिची परीक्षा. भुगा हाती आला तर ती यंत्राची समजावी. चातुर्मास पाळणाऱ्या घरांनी लसणावाचून करून घ्यावी. गोडात शेंगापोळी आहे. दाण्याचे कूट व गूळ यांचे सारण भरलेली ही पोळी चार दिवस सहज टिकते. परतताना घरच्या मुलांसाठी हिच्याहून चांगला खाऊ नाही.

हुरड्यास मात्र ऋतू साधावा लागतो. मार्गशीर्ष-पौषात ज्वारीच्या कणसातील दाणा दुधाने भरून जेमतेम घट्ट होऊ लागतो, तेव्हाचे मोजके दिवसच त्याचे. शेतात आगटी पेटवून गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसे भाजावी, गरम असतानाच हातावर चोळावी, आणि हिरवे दाणे गूळ, खोबरे व शेंगाचटणीबरोबर तेथेच खावे. गुळभेंडी जातीचा हुरडा विशेष गोड. तो बांधून नेता येत नाही. निवला की त्याची गोडी गेली. हुरडा आपल्या घरी येत नाही, आपणच त्याच्या घरी गेले पाहिजे.

आपल्यापैकी अनेकांची मुले आज युरोपात आहेत, म्हणून तिकडचे एक उदाहरण देतो. स्पेन देशात कॅटलोनिया म्हणून प्रांत आहे. तेथे वाल्स नावाच्या गावी हिवाळा सरता सरता ‘काल्सोत’ नावाचे लांब पातीचे कांदे द्राक्षवेलीच्या काटक्यांवर करपेपर्यंत भाजतात. मग सारी मंडळी उभ्या उभ्या, वरची काळी साल ओढून, बदाम-हेझलनट, टोमॅटो, लसूण व सुक्या मिरच्यांच्या चटणीत बुडवून ते खातात. हात काळे होतात, आणि त्यातच मौज मानतात. आमच्या आगटीचेच हे भावंड नव्हे काय? शिळ्या पावावर टोमॅटो चोळून वर ऑलिव्हचे तेल घालण्याची त्यांची रीत पाहिली, की ताकातील कडक भाकरी आठवते. भेद इतकाच, की काल्सोतांसाठी लोक दुरून मुद्दाम वाल्सला जातात, आणि आपण हुरड्याच्या शेताजवळून काचा लावून निघून जातो.

पंढरपूरचे अन्न निराळ्या जातीचे. चुरमुरे, फुटाणे, बत्तासे, खडीसाखर हा वारकऱ्याचा प्रसाद. स्वस्त, हलका, आणि गावभर वाटला तरी उरणारा. पंढरपुरी म्हैस ही लांब शिंगांची प्रसिद्ध जात असल्यामुळे येथील पेढेही आवर्जून घ्यावे. पण खरे पक्वान्न म्हणजे आषाढी पौर्णिमेचा गोपाळपूरचा काला. दही व लाह्या एकत्र कालवून वारकरी तो एकमेकांच्या मुखी घालतात, आणि मग पालख्या परतीस लागतात. जी घरे एके काळी दुसऱ्याच्या हातचे खात नव्हती, त्या आपल्या घरांनी तरी हा काला एकदा अवश्य घ्यावा. घास कोणाच्या हातचा, हे तेथे कोणी विचारीत नाही.

आता द्राक्षांविषयी. सोलापूरजवळील नान्नज येथे ‘सोनाका’ ही लांबट मण्याची जात निपजली. फाल्गुनाच्या सुमारास ताजी द्राक्षे आणि पुढे सावलीत जाळ्यांवर वाळविलेले बेदाणे, दोन्ही घेण्याजोगे. अकलूज परिसरात इटालियन भागीदारीतून निघालेला ‘फ्रातेल्ली’ हा द्राक्षमद्याचा कारखानाही आहे. या शब्दाचा अर्थ ‘भाऊ’. आपल्या ‘भ्रातृ’ शब्दाचाच तो नातलग. मद्य घ्यावे की नाही हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न. आमच्या घरी ते येत नाही. परंतु कौटिल्याने सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षरसाच्या मद्यास त्याच्या जन्मभूमीवरून कापिशायन व हारहूरक अशी नावे दिली आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. अन्नपेयास भूमीचे नाव देण्याची रीत आजच्या मानांकनाची नव्हे; ती फार जुनी आहे.

मात्र नाव राखले म्हणजे वस्तू राहतेच असे नाही. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पुरे झाले. पाणी आले, दैन्य हटले, आणि ज्या रानांत ज्वारी डोलत होती त्यांपैकी पुष्कळांत आता ऊस उभा आहे. शेतकऱ्यास दोष देता येत नाही. ज्यास गिऱ्हाईक तेच तो पेरणार. म्हणून या बाबतीत पांथस्थाच्या हाती मोठी सत्ता आहे. वाटेवरील दहा जणांनी भाकरी मागितली तर अकराव्यासाठी चूल आधीच पेटलेली असेल. कोणी मागितलीच नाही, तर मानांकनाचे कागद तेवढे उरतील.

तात्पर्य, पुढच्या खेपेस या वाटेने याल तेव्हा खाद्यपदार्थांची यादी हाती घेण्यापूर्वी यजमानास एकच प्रश्न विचारावा : “तुमच्या घरी आज काय केले आहे?” त्या उत्तरात जे येईल तेच या भूमीचे पाथेय. ते निःशंकपणे मागावे, मुलाबाळांसह पोटभर खावे, आणि निघताना कडक भाकऱ्यांची एक चवड व शेंगाचटणीची एक पुडी बरोबर बांधून घ्यावी.