जुन्या घरातील उष्णता आणि तिचे निवारण

चेन्नई शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १३ अंशांवर वसलेले आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा, एप्रिलच्या अखेरीस व ऑगस्टच्या मध्याच्या सुमारास, सूर्य तेथे मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. अशा वेळी भिंतींवर थोडेच ऊन पडते. जवळजवळ सर्व ऊन छपरावर पडते. म्हणून या शहरातील घर थंड ठेवण्याचा प्रश्न हा प्रथम छपराचा प्रश्न होय.

मांबलम रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस वेस्ट मांबलम ही जुनी वस्ती आहे. स्थानकाच्या पूर्वेस १९२० नंतरच्या दशकात एक विस्तीर्ण तलाव बुजवून त्यागरायनगर वसविण्यात आले. १९३१ साली या मार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्या. रस्त्याकडे तोंड करून असलेली ‘तिण्णै’ म्हणजे ओटा, मध्यभागी ‘मुट्रम्’ म्हणजे उघडा चौक आणि परसात विहीर, अशी तमिळ प्रदेशातील जुन्या घरांची ठेवण असे. मराठी वाचकास ती परकी वाटणार नाही. वेस्ट मांबलममध्ये अशा अनेक घरांच्या जागी आता सदनिकांच्या इमारती उभ्या आहेत. जे घर उरले आहे त्याच्या मालकापुढे एकच प्रश्न असतो : घर पाडावे की सुधारावे?

मद्रासी गच्ची

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी त्या घराचे छप्पर समजून घेतले पाहिजे. जुन्या घरांवर बहुधा ‘मद्रास टेरेस’ या नावाने ओळखली जाणारी गच्ची असते. सागवानी तुळयांवर पातळ विटा उभ्या कडेवर, तिरप्या रांगांनी, चुन्यात बसवीत. त्यावर विटांचे तुकडे व चुना यांचा थर घालून तो अनेक दिवस धोपटीत. चुन्याच्या पाण्यात हिरडा व गूळ मिसळण्याची चाल होती. सर्वांत वर सपाट कौले बसवून पृष्ठभाग सांधून घेत. आपल्याकडील माळवदावर जसा पांढऱ्या मातीचा जाड थर असतो, तसाच या जाडीचाही उपयोग दुहेरी आहे : पाणी अडविणे आणि ऊन अडविणे.

आता थोडा हिशेब करू. छपरातून आत येणारी उष्णता तीन गोष्टींवर अवलंबून असते : छपराचे क्षेत्रफळ, आतबाहेरच्या तपमानांतील अंतर आणि छपराची उष्णता जाऊ देण्याची क्षमता. ५० चौरस मीटर छप्पर आणि २० अंशांचे अंतर धरले, तर १२ सेंटिमीटर जाडीच्या उघड्या काँक्रीटच्या छपरातून सुमारे ३,५०० वॅट उष्णता आत येईल. साडेतीन इस्त्र्या दिवसभर चालू ठेवल्यासारखेच हे झाले. मद्रासी गच्चीतून हा आकडा साधारण निम्मा होतो. भारत सरकारने २०१८ साली निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध केली. तिने छपरासाठी घातलेली मर्यादा पाळल्यास हीच उष्णता १,२०० वॅटपर्यंत खाली येते. म्हणजे जुने छप्पर नव्या उघड्या काँक्रीटपेक्षा सरस आहे; तथापि आजच्या कसोटीस तेही पुरेसे उतरत नाही.

जाड छपराचा आणखी एक गुणधर्म ध्यानात घ्यावयास हवा. ते हळूहळू तापते आणि हळूहळूच निवते. दुपारची उष्णता काही तासांनी, रात्री, खोलीत उतरते. पूर्वी रात्री दारे-खिडक्या उघड्या असत, मंडळी ओट्यावर किंवा गच्चीवर निजत, आणि चौकातून तप्त हवा वर निघून जाई. आज डासांमुळे खिडक्या बंद होतात, पुष्कळ चौकांवर पत्रे घातले गेले आहेत. घराचा गुण तोच असून राहणी बदलल्यामुळे तो दोष ठरला आहे.

सुधारणेचा क्रम

म्हणून सुधारणेला क्रम असावा. पहिले काम गळती थांबविण्याचे. कठड्यात रुजलेले पिंपळाचे रोप, तुंबलेली पन्हळ, कुजू लागलेली तुळई यांकडे दुर्लक्ष करून वर कितीही खर्च केला तरी तो वाया जातो. या दुरुस्तीत चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये. चुना भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंट ती आत कोंडते, आणि मग विटा झिजतात.

दुसरे काम छपराचा रंग. करडे काँक्रीट उन्हाचा मोठा भाग शोषून घेते, तर ताजा पांढरा लेप त्याचा बहुतांश परतवितो. लेप मळला की गुण घटतो, म्हणून तो वरचेवर धुवावा लागतो. याहून अधिक रोध हवा असल्यास उष्णतारोधक थर घालावा. मात्र जुन्या तुळयांना भार पेलेल की नाही हे जाणकाराकडून आधी तपासून घ्यावे. झापांचा मांडव किंवा सौर विद्युत्पट्ट यांची सावलीही उपयोगी पडते.

तिसरे काम वाऱ्याचे. दुपारी समुद्रावरून येणारा वारा घरातून आरपार जावा यासाठी चौक मोकळा करावा आणि खिडक्यांना जाळ्या बसवाव्यात. चेन्नईची हवा दमट असल्याने पाण्याचे कूलर तेथे फारसे चालत नाहीत. वाहती हवाच घाम सुकविते. त्यानंतर यंत्रांकडे वळावे. साधा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, नवा कमी विजेचा पंखा ३० ते ३५ वॅटमध्ये तेच काम करतो. वातानुकूलन यंत्र सर्वांत शेवटी. छप्पर सुधारल्यावर ते लहान पुरते.

परसातील विहीरही या सुधारणेचाच भाग आहे. तमिळनाडूत २००३ साली सर्व इमारतींना पावसाचे पाणी जिरविणे सक्तीचे झाले. स्वच्छ गच्चीवरचे पाणी गाळून विहिरीत सोडता येते. २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईस पाणी पुरविणारे जलाशय आटले, तेव्हा या पाण्याचे मोल शहरास कळले.

घर पाडल्याने काय जाते, हेही हिशेबात धरावे. विटा भाजण्यास जळण लागले होते. नव्या इमारतीचे सिमेंट सुमारे १,४५० अंशांच्या भट्टीतून येते आणि पोलादासही तशीच आग लागते. जुने घर राखल्यास ही ऊर्जा दुसऱ्यांदा खर्ची पडत नाही. एका घराच्या जागी अनेक कुटुंबांना निवारा मिळतो, ही सदनिकांची बाजूही खरी आहे. प्रत्येक जुने घर वाचवावे असे विज्ञान सांगत नाही. परंतु निवडा करण्यापूर्वी मालकाने गच्चीवर जाऊन छप्पर काय करीत आहे ते पाहावे. पुष्कळदा घर म्हातारे झालेले नसते. त्याची निगा तेवढी थांबलेली असते.