कस्तुरबांची शिल्लक

पुण्यात नगर रस्त्यावरील आगाखान पॅलेसच्या आवारात दोन समाध्या शेजारी-शेजारी आहेत. एक महादेवभाई देसाई यांची, दुसरी कस्तुरबा गांधी यांची. महात्माजींच्या सहधर्मचारिणी म्हणून कस्तुरबांना सारा देश ओळखतो. परंतु त्या चार मुलांच्या आई होत्या, आईविना राहिलेल्या नातवंडांच्या आजी होत्या आणि पोरबंदरच्या एका व्यापाऱ्याची लेक होत्या, याचे स्मरण आपल्याला सहसा राहत नाही. अंगावरचे सोने कोणाचे, मुलांसाठी काय राखून ठेवायचे, सुनेच्या हाती काय द्यायचे, हे व्यापारी घरातील प्रत्येक गृहिणीच्या मनात येणारे प्रश्न त्यांच्याही मनात आले. त्यांनी ते उघडपणे विचारले आणि त्यापायी पुष्कळ सोसले.

कस्तुरबांचा जन्म १८६९ सालचा. वडील गोकुळदास मकनजी हे पोरबंदरचे व्यापारी. तेराव्या वर्षी विवाह झाला. पहिले अपत्य जन्मानंतर थोड्याच दिवसांत गेले. १८८८ मध्ये थोरला मुलगा हरिलाल जन्मला आणि त्याच वर्षी पती बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस निघाले. निघण्यापूर्वी मातोश्री पुतळीबाईंनी मुलाला बेचरजी स्वामींपुढे उभे केले. बेचरजी स्वामी मूळचे मोढ वणिक. पुढे त्यांनी जैन साधूची दीक्षा घेतली होती. त्यांनी मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा दिली, मगच मातेने अनुमती दिली. हा प्रसंग आपल्या समाजात अभिमानाने सांगितला जातो. त्याच सुमारास घडलेली दुसरी गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. प्रवासखर्चाचा प्रश्न निघाला, तेव्हा पत्नीचे दागिने विकावेत, दोन-तीन हजार रुपये सहज येतील, असे तरुण मोहनदासांनी सुचवले होते. पुढे थोरल्या बंधूंनी पैशांची जबाबदारी घेतली. त्या दागिन्यांच्या मालकिणीला कोणी काही विचारल्याचा उल्लेख गांधीजींच्या आत्मकथेत नाही.

तेरा वर्षांनी, १९०१ मध्ये, हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. दक्षिण आफ्रिकेतून भारतात परतताना नाताळ प्रांतातील भारतीयांनी गांधी कुटुंबास मौल्यवान भेटी दिल्या. त्यांत खास कस्तुरबांसाठी पन्नास गिनी किमतीचा सोन्याचा हार होता. सार्वजनिक सेवेचे मोल घ्यायचे नाही, या विचाराने गांधीजींना रात्रभर झोप आली नाही. सकाळी त्यांनी प्रथम मुलांची संमती मिळवली, मग पत्नीकडे विषय काढला. कस्तुरबांनी ठाम विरोध केला. उद्या घरात सुना येतील, त्यांना काय घालायचे, आणि मला मिळालेल्या हारावर तुमचा अधिकार कोणता, असे त्यांनी विचारले. हार माझ्या सेवेबद्दल मिळाला की तुझ्या, या पतीच्या प्रश्नावर त्यांचे म्हणणे असे होते, की तुम्ही केलेली सेवा ती माझीही सेवा. तुम्ही ज्यांना ज्यांना घरी आणले त्या सर्वांसाठी मी रात्रंदिवस राबले, ती सेवा कोणत्या खात्यात धरायची? हा सारा संवाद गांधीजींनीच प्रांजळपणे लिहून ठेवला आहे. शेवटी कस्तुरबांची कशीबशी संमती घेण्यात आली. विश्वस्तपत्र तयार झाले आणि सर्व भेटी लोककार्यासाठी बँकेत जमा झाल्या.

हिशेबाच्या दृष्टीने हा व्यवहार निर्दोष होता. परंतु कस्तुरबांचा प्रश्न त्या विश्वस्तपत्रात कोठेही मावला नाही. आपल्या श्रावकाचारात परिग्रह-परिमाण हे अणुव्रत आहे. आपल्या गरजेची मर्यादा श्रावक स्वतः ठरवतो, स्वतः उच्चारतो आणि स्वतः पाळतो. एकाने घेतलेले व्रत दुसऱ्याच्या नावे लिहिता येत नाही. कस्तुरबांच्या वाट्याला अपरिग्रह आला, तो प्रथम पतीचा निर्णय म्हणून. तो स्वतःचा करून घेण्यास त्यांना आयुष्य खर्चावे लागले.

जेथे व्रत त्यांचे स्वतःचे होते, तेथे त्यांची दृढता विलक्षण होती. दक्षिण आफ्रिकेतच एका मोठ्या आजारात डॉक्टरांनी गोमांसाचा अर्क घेण्याचा आग्रह धरला. त्याविना उपचार करणार नाही, इथपर्यंत गोष्ट गेली. गांधीजींनी निर्णय त्यांच्यावर सोपवला. मनुष्यजन्म दुर्लभ आहे, देह विटाळण्यापेक्षा मरण पत्करेन, असे त्या क्षीण आवाजात म्हणाल्या. पावसाची भुरभुर चालू असताना, हाडांचा सापळा झालेल्या त्या देहाला डर्बनहून फिनिक्स आश्रमात नेण्यात आले आणि त्या बऱ्या झाल्या.

१९१३ मध्ये केपच्या न्यायालयाने ख्रिस्ती पद्धतीने न झालेले व नोंद नसलेले विवाह कायद्याच्या दृष्टीने ग्राह्य नाहीत, असा निकाल दिला. याचा अर्थ हजारो भारतीय गृहिणी कायद्याने पत्नी राहिल्या नाहीत. त्या वर्षीच्या सप्टेंबरात सत्याग्रहींच्या पहिल्या तुकडीबरोबर कस्तुरबांनी ट्रान्सवालची सीमा ओलांडली आणि तीन महिन्यांची सक्तमजुरी भोगली. पत्नीपदाचा मान राखण्यासाठी कारावास पत्करणारी ही गृहिणी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती.

पत्नी म्हणून हा लढा जिंकला, तरी आईपणाचे दुःख वाढतच गेले. हरिलाल वडिलांपासून दुरावले. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत त्यांची पत्नी गुलाब मृत्युमुखी पडली आणि मागे लहान मुले राहिली. पन्नाशीला आलेल्या कस्तुरबांवर नातवंडांच्या पालनपोषणाचा मोठा भार आला. आश्रमाच्या शेकडो माणसांत त्यांचे हे एक लहानसे घर होते.

१९२९ च्या फेब्रुवारीत त्यांतील रसिक हा नातू ऐन तारुण्यात दिल्लीत वारला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, गांधीजींनी ‘नवजीवन’मध्ये आपल्या दुःखाचा व लाजेचा एक लेख प्रसिद्ध केला. कस्तुरबांनी लोकांकडून मिळालेले शंभर-दोनशे रुपये पूर्वी स्वतःजवळ ठेवले होते, चोर आले तेव्हा ते उघडकीस आले, आणि आता पुन्हा कोणी दिलेले चार रुपये त्यांनी कार्यालयात जमा केले नाहीत, असे त्यात जाहीरपणे लिहिले होते. आश्रमाच्या नियमाप्रमाणे ही चूक होती. कस्तुरबांनी ती कबूल केली आणि पुन्हा असे घडल्यास आश्रम सोडण्याची तयारी दर्शवली.

ज्याने खातेवह्यांत आयुष्य घालवले, त्याला चार रुपयांचाही फरक ठाऊक असतो. रोजकीर्दीत चार रुपये कमी आले, तर रात्र झाली तरी दुकान बंद होत नाही. तरीही प्रत्येक घरात एक खाते असे असते, की जे कोणत्याच वहीत नसते. धान्याच्या डब्यात, साडीच्या घडीत, देव्हाऱ्यामागे ठेवलेले आजीचे ते चार रुपये असतात. नातू परगावी निघाला, लेक माहेराहून परतली, की ते बाहेर येतात. त्या पैशाला कोणी चोरी म्हणत नाही. राष्ट्राच्या पैशाचे विश्वस्त असलेल्या पतीला ते म्हणावे लागले, आणि आजी असलेल्या पत्नीला ते सर्वांसमोर ऐकावे लागले. दोघांचीही अडचण खरी होती.

पैसा नसला, तरी माया अडत नाही, हे कटनी स्थानकावरील प्रसंगाने दिसते. गाडी थांबली असता गर्दीतून एकट्या आवाजात कस्तुरबांचा जयजयकार ऐकू आला. फाटक्या कपड्यांतील हरिलाल डब्याशी आले, खिशातून एक संत्रे काढून त्यांनी आईच्या हाती दिले आणि ते तिनेच खावे, असा हट्ट धरला. आईने ते घेतले, मुलाला आपल्याबरोबर चलण्याची विनवणी केली. मुलाला देण्यासाठी जवळची फळे खिडकीतून पुढे करीपर्यंत गाडी सुटली होती.

९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत त्यांना अटक झाली आणि थोड्याच दिवसांत पुण्यास आगाखान पॅलेसमध्ये आणण्यात आले. आठवड्याभरात, १५ ऑगस्टला, मुलासारखे असलेले महादेवभाई तेथेच गेले. कस्तुरबांचे हृदय खचत गेले. शेवटच्या दिवसांत त्यांनी हरिलालची वाट पाहिली. ते आले, परंतु एकदा मद्याच्या अंमलात आले, आणि त्या मातेने कपाळ बडवून घेतले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, पतीच्या मांडीवर मस्तक ठेवून त्यांनी देह ठेवला. गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची साडी त्यांना अखेरच्या प्रवासासाठी हवी होती. तीच नेसवण्यात आली. ज्या हातांतील सोने केव्हाच गेले होते, त्या हातांतील काचेच्या पाच बांगड्या राखेत अभंग सापडल्या.

त्यानंतर त्यांच्या नावे खेड्यांतील स्त्रिया व मुले यांच्यासाठी निधी उभारण्याचे ठरले. संकल्प ७५ लाख रुपयांचा होता; लोकांनी त्याहून अधिक दिले. चार रुपयांसाठी जिला मान खाली घालावी लागली, तिच्या नावावर देशाने एवढी रक्कम विश्वासाने जमा केली. आजही कस्तुरबा ट्रस्टचे कार्य चालू आहे.

आपल्या समाजात दानाची परंपरा मोठी आहे. पर्युषणात बोली लागते, तिजोरी उघडते, घरातील ज्येष्ठ स्त्रीच्या नावे संगमरवरी पाटी लागते. त्या आधी एकदा तिच्याजवळ बसून विचारावे, की आई, आजी, हे द्यायचे का, किती द्यायचे, कोणाला द्यायचे? तिचे उत्तर आपल्या अपेक्षेहून निराळे असेल. ते ऐकून मग दिलेले दान तिचे होईल. कस्तुरबांच्या हारासंबंधीचा तो प्रश्न एकशे वीस वर्षांहून अधिक काळ आपल्या घरांच्या उंबरठ्यावर उभा आहे. त्याला आत घेणे, हीच त्या मातेला खरी श्रद्धांजली ठरेल.