पाळी बदलताना: कागदी वही ते ई-लॉगबुक

लॉगबुक: पाळीत काय घडले याची वेळेनिशी नोंद. कोणता पंप बंद, कोणते काम अर्धवट. स्काडा ही संगणकीय देखरेख-नियंत्रण प्रणाली यंत्रांचे आकडे टिपते. लॉगबुकमध्ये माणसाचे निरीक्षण येते.

पायपर अल्फा, ६ जुलै १९८८: उत्तर समुद्रातील तेल-वायू प्लॅटफॉर्म. पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता. रात्रपाळीला ते कळलेच नाही आणि पंप सुरू झाला, असा चौकशीचा निष्कर्ष. १६७ मृत्यू. लॉर्ड कलन यांच्या १९९० च्या अहवालात १०६ शिफारशी.

टेक्सास सिटी, २३ मार्च २००५: तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट, १५ मृत्यू. रात्रपाळीची नोंद जेमतेम एका ओळीची.

ई-लॉगबुक: नोंदीला नाव आणि वेळ आपोआप जोडली जाते, दुरुस्तीचा माग राहतो, जुनी नोंद शोधता येते. सामायिक प्रणालीत कामाचे परवाने, सूचना आणि पाळीचा ताबा सर्व विभागांना एकत्र दिसतो.