आमंत्रण लेखकाला, काम प्रकाशकाचं

ब्लॉग सुरू करणाऱ्याला पहिल्या काही दिवसांत पडणारे प्रश्न जवळजवळ ठरलेले असतात. थीमच्या नमुन्यात दिसतं तसं माझं पान का दिसत नाही? लिहिलेला मजकूर मुख्य पानावर का येत नाही? रंग बदलला तरी जुनाच का दिसतो? गूगलवर शोधलं तर माझा ब्लॉग का सापडत नाही? अक्षरांच्या जागी ही प्रश्नचिन्हं कुठून आली? गेली वीसेक वर्षं नवखी माणसं हेच विचारत आली आहेत आणि जाणकार मंडळी उसासा टाकून तीच उत्तरं देत आली आहेत. त्या उसाशात एक निवाडा दडलेला असतो: विचारणाऱ्यानं आधी नीट वाचायला हवं होतं. मला हा निवाडा मान्य नाही. हे प्रश्न शेजारी शेजारी मांडून पाहिले तर त्यांचं मूळ एकच दिसतं. ब्लॉगचं सॉफ्टवेअर माणसाला लेखक म्हणून बोलावतं आणि आत आल्यावर संपादक, मांडणीकार आणि छापखानावाला या तिघांची कामं त्याच्या गळ्यात घालतं. घालताना तसं सांगत मात्र नाही.

दिवाळी अंकाला कथा देणाऱ्या लेखकाचा संबंध हस्तलिखितापुरता असतो. टाइप कोणता, चित्र कुठे, कागद कुठून आणायचा, अंक कोणत्या गठ्ठ्यातून कुठे जाणार, हे सगळं दुसऱ्या कुणाचं तरी डोकं खातं. वर्डप्रेसमध्ये ही सगळी खाती एकाच पडद्यामागे असतात. मॅट मलेनवेग आणि माईक लिटल यांनी बीटू नावाच्या जुन्या प्रणालीवरून हे सॉफ्टवेअर उभं केलं, त्याची पहिली आवृत्ती २७ मे २००३ला आली आणि आज जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक वेबसाइट त्यावर चालतात, म्हणून उदाहरण त्याचंच घेतो. यात तुमचा मजकूर एका डेटाबेसमध्ये साठतो. तो कसा दिसायचा हे थीम नावाच्या वेगळ्या फायली ठरवतात. हे दोन्ही ज्या संगणकावर राहतात तो तिसऱ्याच कुणाचा, म्हणजे होस्टिंग कंपनीचा असतो. वाचकानं पत्ता उघडला की त्या क्षणी मजकूर डेटाबेसमधून उचलला जातो, थीमच्या साच्यात बसवला जातो आणि पान तयार होतं. नवख्याचा आजवरचा अनुभव वर्डच्या फाइलचा असतो. तिथे मजकूर, त्याचं रूप आणि त्याची जागा ही एकच वस्तू असते. फाइल उघडली की तिन्ही समोर.

आता मघाचे प्रश्न पुन्हा पाहा. थीमच्या नमुन्यातली देखणी छायाचित्रं, मथळे आणि रकाने हा थीम बनवणाऱ्याचा मजकूर असतो. तुम्हाला मिळतो तो फक्त साचा, आणि तुमच्या डेटाबेसमध्ये त्यात ओतण्याजोगं अजून काही नसतं. मजकूर मुख्य पानावर येत नाही, कारण तो ‘पोस्ट’ म्हणून न लिहिता ‘पेज’ म्हणून लिहिला गेला. पोस्ट तारखेनुसार मुख्य पानावर चढत जातात. पेज म्हणजे ‘माझ्याविषयी’सारखी बिनतारखेची, एका बाजूला राहणारी पानं. हा फरक संपादकाला सहज कळेल, लेखकाला तो कुणी सांगितलेलाच नसतो. बदललेला रंग दिसत नाही, कारण वेग वाढवण्यासाठी तयार पानाची प्रत वाटेत कुठेतरी जपून ठेवलेली असते: होस्टच्या संगणकावर, एखाद्या प्लगिनमध्ये (म्हणजे वरून बसवलेल्या जोड-सॉफ्टवेअरमध्ये) किंवा तुमच्याच ब्राउझरमध्ये. गूगलवर ब्लॉग न सापडण्याची कारणं अनेक असतात, पण त्यांतलं एक अगदी साधं आहे. ‘वाचन’ या सेटिंगमध्ये शोधयंत्रांना दूर राहायला सुचवणारी एक छोटी चौकट असते. ब्लॉग तयार होईपर्यंत कुणी पाहू नये म्हणून ती टिचकवली जाते आणि मग विसरली जाते. ज्या चौकटीवर ब्लॉगची सारी वाचकसंख्या अवलंबून, ती सेटिंगच्या अशा कोपऱ्यात का ठेवावी, हे मला पटलेलं नाही.

मराठीत लिहिणाऱ्याच्या वाट्याला याच्यावर आणखी एक थर येतो, कारण ही सारी यंत्रणा मुळात रोमन अक्षरं गृहीत धरून वाढली. अक्षरं बिघडली अशी तक्रार एकच असते, पण बिघाड निदान चार वेगवेगळ्या ठिकाणचे असतात. रिकाम्या चौकोनी पेट्या दिसत असतील तर वाचकाच्या यंत्रात देवनागरी फाँट नाही. मजकूर ठणठणीत आहे. उच्चारचिन्हं लावलेल्या युरोपीय अक्षरांची रांग दिसत असेल तर मजकूर बहुधा शाबूत आहे, पण चुकीच्या संकेतप्रणालीनं वाचला जातोय. सलग प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र प्रकरण गंभीर असू शकतं. जुन्या पद्धतीनं, पश्चिम युरोपीय लिप्यांपुरता बांधलेला डेटाबेस असेल तर त्यात ‘क’ ठेवायला जागाच नसते आणि तो प्रत्येक अक्षराऐवजी प्रश्नचिन्ह ठेवून मोकळा होतो. साठवतानाच असं झालं असेल तर मूळ अक्षर परत येत नाही. चौथा प्रकार खास आपल्याकडचा. सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना स्वतंत्र संकेत देणारं युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपीसारख्या प्रणालींत टंकलेला मजकूर फाइलमध्ये रोमन अक्षरांच्या संकेतांनीच नोंदलेला असायचा आणि त्याला देवनागरी रूप द्यायचा तो फाँट. असा जुना लेख ब्लॉगवर चिकटवला की फाँट मागे राहतो आणि पानावर रोमन अक्षरांची भेळ उतरते. दोष ब्लॉगला दिला जातो, पण तो मजकूर संगणकाच्या लेखी कधी मराठी नव्हताच. परिवर्तक वापरून आधी युनिकोड करून घेणं हाच त्यावर इलाज.

पत्त्याची गंमत याहून बारीक आहे. वर्डप्रेस लेखाच्या शीर्षकावरून त्याचा पत्ता बनवतं आणि त्या भागाला डेटाबेसमध्ये २०० चिन्हांची मर्यादा आहे. रोमन लिपीत हे भरपूर झालं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह मात्र तीन बाइटचं असतं आणि पत्त्यात जाताना प्रत्येक बाइटची तीन चिन्हं होतात, म्हणजे एकाला नऊ. आपल्याला ‘स्वातंत्र्य’ हा छोटा शब्द वाटतो. काना, अनुस्वार, हलन्त धरून त्यात ११ चिन्हं आहेत आणि पत्त्यात तो ९९ जागा खातो. असे दोन शब्द झाले की कोटा संपला. शीर्षक मध्येच तुटतं, आणि तो पत्ता कुणाला पाठवला की टक्केवारीच्या चिन्हांची लांबलचक माळ समोरच्याच्या अंगावर येते. गूगलच्या ब्लॉगरनं हा प्रश्न झटकून टाकला: देवनागरी शीर्षक आलं की ते सरळ गाळायचं आणि पत्त्यात ‘ब्लॉग-पोस्ट’ असं रोमन नाव देऊन पुढे आकडा चिकटवायचा. शेकडो मराठी लेख असे निनावी पत्त्यांवर राहतात. दोन्हीकडे उपाय आहे, प्रकाशित करण्याआधी पत्ता स्वतः छोटा आणि रोमन लिपीत लिहायचा. तो प्रकाशित करण्याआधीच का, हे पहिल्या दहा लेखांनंतर, दुवे वाटून झाल्यावर कळतं. हासुद्धा प्रकाशकाचाच निर्णय, लेखकाच्या नकळत त्याच्यावतीनं उरकलेला.

यावर पहिला आक्षेप जुना आहे: हे सगळं माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं, लोक वाचत नाहीत त्याला सॉफ्टवेअरनं काय करावं? लोक वाचत नाहीत हे खरंच. पण त्यामागे आळस नसतो. आयबीएममधले संशोधक जॉन कॅरल आणि मेरी बेथ रॉसन यांनी १९८७मध्येच ‘सक्रिय वापरकर्त्याचा विरोधाभास’ या नावानं हे मांडलं होतं. माणूस यंत्रापाशी काम उरकायला येतो, यंत्र शिकायला नाही. म्हणून तो थेट कामाला भिडतो, आधी वाचून पुढचा वेळ वाचवत नाही, आणि जुन्या अनुभवाच्या आधारे नव्या गोष्टीचा अर्थ लावतो, मग तो चुकीचा का असेना. लेख लिहायला बसलेल्या माणसानं आधी डेटाबेसवरचं प्रकरण वाचावं ही अपेक्षाच माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे. शिवाय वाचायचं म्हटलं तरी काय वाचायचं हे कळायला दुखणं कोणत्या खात्यातलं आहे ते आधी ठाऊक लागतं, आणि नेमकं तेच ठाऊक नसतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सॉफ्टवेअर सोपं करा, प्रश्न आपोआप संपतील. तसा प्रयत्न झालेला आहे. डिसेंबर २०१८मध्ये आलेल्या वर्डप्रेसच्या पाचव्या आवृत्तीनं साधी लिहिण्याची चौकट काढून गुटेनबर्ग हा नवा संपादक आणला. त्यात प्रत्येक परिच्छेद, चित्र, मथळा हा वेगळा ठोकळा. हेतू चांगला होता: पान तयार झाल्यावर जसं दिसेल तसंच लिहिताना दिसावं. आकर्षक पानं रचणाऱ्याला त्याचा फायदा झाला, हे कबूल करायला हवं. पण ज्याला सलग पंधरा परिच्छेद लिहायचे आहेत त्याला दर एंटरला नवा ठोकळा मिळू लागला. जुनी चौकट परत आणणारं क्लासिक एडिटर हे प्लगिन ५० लाखांहून अधिक साइटवर बसवलं गेलं. इतक्या लोकांना नव्याचा तिटकारा असतो असं म्हणून हे उडवून लावता येणार नाही. नव्या संपादकानं लेखन आणि मांडणी यांतली भिंत पाडली, म्हणजे मांडणीचं काम लेखकाच्या टेबलावर आणखी पुढे सरकवलं. सोपं झालं ते मांडणीकाराचं काम. उलट ज्या २०१९च्या सुधारणेचा फारसा गाजावाजा झाला नाही ती मला जास्त मोलाची वाटते. तोवर एखादं प्लगिन बिघडलं की अख्खी साइट पांढरी फटक पडायची, अवाक्षर न सांगता. ५.२ आवृत्तीपासून चालकाला ईमेल जातं, दोष कोणत्या प्लगिनमध्ये वा थीममध्ये दिसतो ते त्यात लिहिलेलं असतं आणि आत शिरून दुरुस्तीची वाटही मिळते. इथे यंत्रणा झाकली गेली नाही, तिचं दुखणं नाव घेऊन सांगितलं गेलं.

राहिला तिसरा आक्षेप: एवढी कटकट हवीच कशाला, आयती सेवा घ्यावी. वर्डप्रेस डॉट कॉम ही ऑटोमॅटिक कंपनीची तशीच सेवा आहे, आणि वर्डप्रेस डॉट ऑर्गवर तेच सॉफ्टवेअर स्वतः उभं करण्यासाठी फुकट मिळतं. एकाच नावाच्या या दोन दारांनी जितके नवखे गोंधळात पाडले तितके बहुधा दुसऱ्या कशानंही पाडले नसतील. एका दाराची सूचना वाचून दुसऱ्या दारात प्लगिन बसवायचं बटण शोधत बसलेला माणूस मूर्ख नसतो, त्याला पाटी चुकीची दिली गेलेली असते. आयत्या सेवेत छापखाना दुसऱ्याचा राहतो, हे अनेकांना परवडतं आणि त्यात गैर काही नाही. फक्त तो छापखाना कधी बंद होईल हेही दुसराच ठरवतो. अशा सेवांपैकी जिओसिटीज २००९मध्ये गेलं, पोस्टरस २०१३मध्ये. २००३ साली सुरू झालेली टाइपपॅड ही ब्लॉगसेवा सप्टेंबर २०२५अखेर बंद झाली. प्रत्येक वेळी लोकांना ठरावीक मुदतीत आपलं लेखन हलवावं लागलं, आणि लेखन नेमकं कुठे कुठे असतं हा टाळलेला प्रश्न त्या मुदतीच्या आत सोडवावा लागला.

म्हणून नवख्याला शिकवायचं असेल तर बटणांची यादी देण्याऐवजी मी एकच सवय लावीन: अडलं की आधी विचारायचं, हे दुखणं मजकुराचं, रूपाचं की जागेचं? थीम बदलून मूळची साधी थीम लावली आणि दोष गेला तर तो रूपाचा. प्लगिन बंद करून एकेक सुरू करत गेलं की चोर प्लगिन सापडतं. डेटाबेसशी संपर्क होत नाही असा संदेश आला तर चूक सहसा जागेच्या व्यवस्थेत असते. लेखात खाडाखोड करून काही साधत नाही. आणि लेखनाची प्रत काढून ठेवतानाही हाच प्रश्न कामाचा आहे. वर्डप्रेसची निर्यात-फाइल काढली की पोस्ट, पेज, वाचकांचे अभिप्राय सगळं एका फायलीत येतं आणि माणूस निर्धास्त होतो. त्या फायलीत छायाचित्रं नसतात, त्यांचे जुन्या साइटवरचे पत्ते असतात. नव्या ठिकाणी ती फाइल चढवताना तसं सांगितलं तर सॉफ्टवेअर त्या पत्त्यांवर जाऊन चित्रं उचलून आणतं, तेव्हा जुना ब्लॉग चालू असावा लागतो. होस्टिंगचं नूतनीकरण थांबवायचं असेल तर ते त्यानंतर.